टाचेतला थेंब आणि ऐंशी हजार अभिक्रिया

आयर्लंडमध्ये जन्मलेल्या बाळाची पहिली परीक्षा त्याच्या टाचेवर होते. जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान परिचारिका टाचेला बारीकसं टोचते आणि रक्ताचे थेंब जाड टिपकागदाच्या कार्डावर उतरवून घेते. वाळलेलं कार्ड डब्लिनमधल्या टेंपल स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयाकडे जातं. साऱ्या देशातल्या नवजात बाळांचे थेंब तिथल्या प्रयोगशाळेत जमा होतात. आयर्लंडमध्ये आता भारतीय नागरिकांची संख्या ४५ हजारांवर गेली आहे. त्यांतल्या मराठी घरांमधूनही हे कार्ड जातं. बाराव्या दिवशी पाळण्यात नाव ठेवायच्या आधीच बाळाच्या चयापचयाची पहिली नोंद झालेली असते.

ही पद्धत देशभर सुरू झाली १९६६ मध्ये. तेव्हा फक्त फिनाइलकीटोन्युरिया हा एकच आजार शोधला जाई. १९७१ मध्ये त्या यादीत होमोसिस्टिन्युरिया आला. हा आजार जगात फार दुर्मिळ, आयर्लंडमध्ये मात्र त्यामानानं जास्त आढळतो. त्याचा पाठलाग करता करता आयरिश डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि गणिती एका मोठ्या प्रश्नापाशी पोचले. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांसारखे आजार एखादा रेणू, एखादं जनुक किंवा एखादा अवयव पकडून समजतात का, की शरीर हे गुंतलेलं जाळं मानून ते सगळं एकदम मांडून पाहावं लागतं? दुसऱ्या वाटेनं जाणाऱ्या विद्याशाखेला सिस्टिम्स बायोलॉजी, म्हणजेच प्रणाली-जीवशास्त्र म्हणतात. तिची गरज कशी भासली, हे होमोसिस्टीन नावाच्या एका छोट्या रेणूच्या प्रवासातून फार स्पष्ट दिसतं.

बेलफास्ट, १९६२

उत्तर आयर्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ नीना कार्सन आणि जीवरसायनतज्ज्ञ डी. डब्ल्यू. नील यांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या व्यक्तींची पाहणी हाती घेतली होती. पाहणीत लघवीची रासायनिक तपासणी होती. त्यात एका रुग्णाच्या नमुन्यात एक अनोळखी अमिनो आम्ल सापडलं आणि मग तिच्या बहिणीच्या नमुन्यातही तेच निघालं. हे होतं होमोसिस्टिन, म्हणजे होमोसिस्टीनचंच जोडरूप. १९६२ मध्ये त्यांनी ही नोंद प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधूनही असाच रुग्ण जगापुढे आला.

या आजाराचे रुग्ण उंच, सडपातळ, लांब बोटांचे असतात. डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकतं, हाडं ठिसूळ होतात आणि तरुणपणीच रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात. डोळा, हाड, मेंदू आणि रक्तवाहिनी यांचा वरवर पाहता एकमेकांशी संबंध नाही. तरी चौघांचं दुखणं एकाच ठिकाणी सुरू होतं. ते ठिकाण १९६४ मध्ये अमेरिकेतल्या हार्वे मड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. सिस्टाथायोनिन बीटा-सिंथेज हे एन्झाइम या रुग्णांमध्ये काम करत नव्हतं.

हे समजण्यासाठी मनमाड जंक्शन डोळ्यांसमोर आणावं. आपण डाळ, दूध, अंडी, मासे खातो. त्यांतल्या प्रथिनांतून मेथिओनिन हे अमिनो आम्ल मिळतं. पेशी ते वापरतात, त्यातला एक मिथाइल गट काढून इतर कामांना लावतात आणि मागे उरतं होमोसिस्टीन. हे झालं जंक्शन. इथून दोन मार्ग फुटतात. एका मार्गानं होमोसिस्टीन पुन्हा मेथिओनिन होऊन मागे वळतं. त्या मार्गाला फोलेट आणि बी-१२ जीवनसत्त्व लागतं. दुसऱ्या मार्गानं ते सिस्टीनकडे पुढे जातं. त्या मार्गावर वर सांगितलेलं एन्झाइम आणि बी-६ जीवनसत्त्व पाहिजे. एखादा मार्ग बंद पडला की डबे जंक्शनमध्ये तुंबतात. रक्तात होमोसिस्टीन वाढलं, याचा अर्थ फलाटावर गर्दी झाली एवढाच. कोणता मार्ग बंद आहे आणि का, हे नुसती गर्दी मोजून कळत नाही.

पंधरा लाख बाळं, पंचवीस रुग्ण

आयरिश लोकांमध्ये या एन्झाइमच्या जनुकातला जो बदल सर्वाधिक दिसतो, तो बी-६ च्या गोळीला दाद देत नाही. म्हणून तिथल्या मुलांना जन्मापासूनच मेथिओनिन अगदी मोजून-मापून असलेला आहार द्यावा लागतो. दूध, मांस, अंडी, चीज यांच्यावर कडक बंधन, आणि प्रथिनांची गरज भागवायला खास बनवलेलं अमिनो आम्लांचं मिश्रण. हे आयुष्यभर चालतं. घरातल्या वाढदिवसालाही त्या मुलाचं ताट वेगळंच असतं.

आयलीन नॉटन, सुफिन याप आणि फिलिप मेन यांनी १९९८ मध्ये २५ वर्षांचा हिशेब मांडला. १९७१ ते १९९६ या काळात सुमारे १५ लाख ८० हजार नवजात बाळांची तपासणी झाली होती. एकूण रुग्ण २५ निघाले. म्हणजे साधारण ६५ हजार बाळांमागे एक. त्यांतले २१ टाचेच्या थेंबातच सापडले. उरलेले चार निसटले होते आणि आजाराची लक्षणं दिसल्यावरच डॉक्टरांच्या लक्षात आले.

ते चार का निसटले, हे पाहण्यासारखं आहे. त्यांतली तीन बाळं आईच्या दुधावर होती. ही तपासणी होमोसिस्टीन मोजत नसे, मेथिओनिन मोजत असे. आईच्या दुधात प्रथिनं तुलनेनं कमी असतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत या बाळांच्या रक्तात मेथिओनिन पुरेसं चढलंच नव्हतं. चौथं बाळ बी-६ ला दाद देणाऱ्या प्रकारातलं होतं. एन्झाइम तेच बिघडलेलं, पण आहार आणि वेळ वेगळी, म्हणून रक्तातला आकडाही वेगळा.

उपचारांचा निकाल मात्र फार मोठा ठरला. २००१ मध्ये सुफिन याप आणि इतर देशांतल्या सहकाऱ्यांनी १५८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या उपचारांची वर्षं मिळून २,८२२ होत होती. उपचार नसते तर एवढ्या काळात रक्तवाहिन्यांचे सुमारे ११२ गंभीर प्रसंग अपेक्षित होते. प्रत्यक्षात घडले १७. एवढा फरक पाडणारे उपचार वैद्यकात फार थोडे आहेत. ज्या देशानं जन्मानंतर काही दिवसांतच टाच टोचण्याचा निर्णय घेतला, त्या देशातल्या कित्येक घरांत आज मुलं धडधाकट वाढली आहेत.

गर्दी कमी झाली, अपघात थांबले नाहीत

इथून गोष्ट सर्वसामान्य हृदयविकाराकडे वळते. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ किल्मर मॅककली यांनी १९६९ मध्ये एक तर्क मांडला. ज्या मुलांमध्ये होमोसिस्टीन अतोनात वाढतं त्यांच्या रक्तवाहिन्या इतक्या लवकर खराब होत असतील, तर थोडंसं वाढलेलं होमोसिस्टीन सामान्य माणसाच्याही हृदयाला धोका देत असेल. बराच काळ या विचाराकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

डब्लिनचे हृदयरोगतज्ज्ञ इयन ग्रॅहम यांनी हा विचार मोठ्या पातळीवर तपासला. नऊ युरोपीय देशांतली १९ केंद्रं, रक्तवाहिन्यांच्या विकाराचे ७५० रुग्ण आणि तुलनेसाठी ८०० निरोगी माणसं. १९९७ मध्ये निकाल आला. ज्यांचं होमोसिस्टीन वरच्या पाचव्या हिश्श्यात होतं, त्यांना धोका इतरांच्या मानानं सुमारे २.२ पट होता. फॉलिक आम्ल आणि बी जीवनसत्त्वांच्या गोळ्या होमोसिस्टीन सहज उतरवतात, हे माहीत होतं. स्वस्त आणि सुरक्षित गोळी घेऊन हृदयविकाराचा झटका टळेल, अशी आशा जगभर निर्माण झाली.

२००६ च्या एप्रिलमध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. 'होप-२' मध्ये ५,५२२ रुग्ण होते, नॉर्वेतल्या 'नॉर्विट'मध्ये ३,७४९. गोळ्यांनी होमोसिस्टीन खरोखरच उतरलं. हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू मात्र लक्षणीय घटले नाहीत. 'होप-२' मध्ये पक्षाघात थोडे कमी दिसले, पण मूळ आशा फोल ठरली.

एकाच रेणूच्या दोन गोष्टी समोर होत्या. टेंपल स्ट्रीटच्या मुलांमध्ये तो उतरवला की जीव वाचत होते, आणि मध्यमवयीन हृदयरोग्यांमध्ये तोच उतरवला तर फारसं काही होत नव्हतं. कारण जंक्शनवरची गर्दी दोन्हीकडे सारखी दिसली तरी तिच्यामागची परिस्थिती वेगळी होती. एकीकडे मुख्य मार्ग उखडलेला होता. दुसरीकडे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं, धूम्रपान, वाढतं वय, आहारात भाजीपाला कमी अशी दहा कारणं मिळून गर्दी करत होती, आणि तीच कारणं रक्तवाहिनीलाही थेट इजा करत होती. गर्दी हटवली तरी इजा चालूच राहिली.

जाळं मांडायचं म्हणजे काय

शरीराला जाळं मानणं ही नवी गोष्ट नाही. नवीन आहे ते जाळं गणितात मांडणं. पुढे ऑक्सफर्डला गेलेले डेनिस नोबल १९६० च्या सुमारास लंडनमध्ये हृदयाच्या एका पेशीची विद्युत स्पंदनं समीकरणांतून संगणकावर उभी करत होते. पेशीत 'ठोका देणारा' असा एखादा घटक सापडला नाही. सोडियम, पोटॅशियम यांचे आयन आत-बाहेर जाण्याचे मार्ग आणि पेशीचा विद्युतदाब हे एकमेकांना वळवत राहतात आणि त्यातून ताल उमटतो. ताल कुठल्याच एका भागात नाही, भागांमधल्या देवघेवीत आहे.

यातली गणिती परंपरा आयर्लंडशीही जुळलेली आहे. जॉर्ज बूल १८४९ मध्ये कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक झाले आणि १८५४ मध्ये त्यांनी हो-नाहीच्या तर्काचं बीजगणित ग्रंथरूपानं मांडलं. आज कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद, याची जाळी काढताना जीवशास्त्रज्ञ जी पद्धत वापरतात तिला बूलचंच नाव आहे. २००९ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये वॉल्टर कोल्श यांच्या नेतृत्वाखाली 'सिस्टिम्स बायोलॉजी आयर्लंड' ही संस्था उभी राहिली. तिचा भर मुख्यतः कर्करोगावर असला तरी पेशींतल्या संदेशांचं जाळं समीकरणांत बसवण्याची शिस्त तिथे घडली.

होमोसिस्टीनच्या जंक्शनचंही गणित झालं. ड्यूक विद्यापीठातले फ्रेड नायहाउट आणि मायकेल रीड यांनी २००४ मध्ये फोलेटच्या चक्राचं गणिती प्रारूप प्रसिद्ध केलं, पुढे ते मेथिओनिनच्या चक्राला जोडलं. त्यातून दिसलं की हे जाळं धक्के पचवायला बनलेलं आहे. एका ठिकाणी आवक कमी-जास्त झाली तरी काही रेणू दुसऱ्या ठिकाणच्या एन्झाइमला आवरतात किंवा ढकलतात आणि महत्त्वाच्या कामांचा वेग फारसा हलत नाही. म्हणून एका टोकाला गोळी दिली की दुसऱ्या टोकाला परिणाम होईलच असं नसतं.

कोलरेनमधलं दुसरं उत्तर

मग होमोसिस्टीनचा पाठलाग वाया गेला का? उत्तर आयर्लंडच्या बॅन नदीकाठच्या कोलरेन गावात अल्स्टर विद्यापीठातल्या हेलीन मॅकनल्टी, मेरी वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी त्याच जंक्शनवर थांबून प्रश्न बदलला. 'गोळी सगळ्यांना उपयोगी पडते का' याऐवजी त्यांनी विचारलं, 'कोणती गोळी कोणाला?'

फोलेटच्या मार्गावर एमटीएचएफआर नावाचं एन्झाइम आहे. जगात सुमारे दहा टक्के लोकांना आई आणि वडील दोघांकडून या जनुकाचा एक विशिष्ट बदल मिळतो. त्यांना 'टीटी' प्रकार म्हणतात. या लोकांचं एन्झाइम आपला सहायक रेणू घट्ट धरून ठेवू शकत नाही. तो सहायक रेणू रायबोफ्लेविनपासून, म्हणजे बी-२ पासून बनतो. दूध, दही, अंडी, हिरव्या भाज्या यांत ते असतं. मग या लोकांना रायबोफ्लेविन थोडं जास्त दिलं तर?

२००६ मध्ये दिसलं की १.६ मिलिग्रॅम रायबोफ्लेविननं टीटी लोकांचं होमोसिस्टीन उतरतं, इतरांचं नाही. पुढच्या चाचण्यांमध्ये अनपेक्षित गोष्ट पुढे आली. टीटी प्रकारच्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा रक्तदाब त्याच रोजच्या मात्रेनं १६ आठवड्यांत साधारण ५ ते १३ एककांनी खाली आला. इतर प्रकारच्या लोकांमध्ये असा परिणाम दिसला नाही. यांतले बरेच रुग्ण आधीपासून रक्तदाबाच्या गोळ्या घेत होते. एवढीशी मात्रा, जी आहारातूनही मिळू शकते, योग्य माणसाला दिली तर औषधाच्या तोडीचं काम करते.

जनुक असलं म्हणून आजार होतोच असंही नाही, याचं मोठं उदाहरणही आयर्लंडच देतं. हिमोक्रोमॅटोसिस या आजारात शरीर लोह साठवत राहतं आणि ते यकृत, स्वादुपिंड आणि हृदयात जमतं. मधुमेह आणि हृदयाचा अशक्तपणा हे त्याचे परिणाम. त्यामागचं एचएफई हे जनुक १९९६ मध्ये सापडलं. आयर्लंडमध्ये दर ८३ जणांमागे एकाला या जनुकातल्या एका विशिष्ट बदलाच्या दोन्ही प्रती मिळालेल्या असतात आणि पाचांमागे एक जण वाहक असतो. अँट्रिमच्या किनाऱ्याजवळच्या रॅथलिन बेटावर सापडलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांपैकी एकाच्या डीएनएमध्येही तो बदल होता, हे ट्रिनिटी कॉलेजच्या डॅन ब्रॅडली यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं. तरीही दोन्ही प्रती असलेल्या अनेकांना काहीच होत नाही. पाळीच्या रक्तस्रावामुळे बायकांमध्ये लोह उशिरा साठतं. मद्य आणि आहार त्यात भर घालतात. उपचार मात्र साधा आहे: ठराविक दिवसांनी रक्त काढून टाकणं.

पुण्याच्या गावांमधून

या जंक्शनशी महाराष्ट्राचाही जवळचा संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. मराठी बाळ वजनानं लहान जन्मतं, पण त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेनं जास्त असते, हे त्यांनी दाखवलं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

२००८ मध्ये त्याच गावांतल्या मुलांचा सहा वर्षांचा निकाल आला. गरोदरपणी दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेट मात्र एखादा अपवाद सोडता कुणाचंच कमी नव्हतं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. हीच प्रवृत्ती पुढे मधुमेहाकडे नेते.

याचं स्पष्टीकरण पुन्हा जंक्शनच्या नकाशात सापडतं. बी-१२ नसलं तर फोलेट एका मिथाइल रूपात अडकून पडतं, पुढे जाऊ शकत नाही. याला 'मिथाइल फोलेट सापळा' म्हणतात. शरीर असं का करतं, याची मीमांसा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले जॉन स्कॉट आणि डोनाल्ड वेअर यांनी १९८१ मध्ये मांडली होती. फोलेट कितीही असलं तरी बी-१२ वाचून मार्ग मोकळा होत नाही. एकच जीवनसत्त्व भरपूर दिलं आणि दुसरं विसरलं, तर समतोल आणखी ढळतो.

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसांसाठी हे नुसतं ग्रंथालयातलं ज्ञान नाही. शाकाहारी घर, बसून काम, थंड अंधारे हिवाळे आणि सडपातळ दिसणाऱ्या अंगातली लपलेली चरबी हे सगळं त्यांच्या शरीरात एकत्र येतं. आयरिश माणसांवर बेतलेला हृदयविकाराच्या धोक्याचा तक्ता त्यांना जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नाळ असलेले डॉ. लिओ वराडकर २०१४ ते २०१६ या काळात आयर्लंडचे आरोग्यमंत्री होते आणि पुढे पंतप्रधान झाले. आयर्लंडच्या आरोग्यव्यवस्थेत भारतीय डॉक्टर आणि परिचारिका फार मोठ्या संख्येनं आहेत. आपल्या समाजाच्या तपासणीचा प्रश्न लावून धरायला माणसांची कमतरता नाही.

देश हेही एक जाळंच

पेशीच्या पातळीवर जे दिसतं तेच देशाच्या पातळीवरही दिसतं. १९६० च्या आसपास हार्वर्ड आणि ट्रिनिटीच्या संशोधकांनी एक सुंदर कल्पना लढवली. बॉस्टनला गेलेला आयरिश भाऊ आणि गावातच राहिलेला त्याचा भाऊ यांची तुलना करायची. गावचा भाऊ लोणी-दूध जास्त खात होता, एकूण उष्मांकही जास्त घेत होता, तरी त्याचं वजन कमी होतं, कारण शेतात त्याला अंगमेहनत होती. १,००१ पुरुषांवरचा वीस वर्षांचा निकाल १९८५ मध्ये आला. आयर्लंडमध्ये राहिलेले, बॉस्टनला गेलेले आणि बॉस्टनमध्येच जन्मलेले, या तिन्ही गटांमध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंत फरक नव्हता. आहाराचा संबंध होता, पण तो एकटा सगळं ठरवत नव्हता.

१९८५ ते २००० या पंधरा वर्षांत आयर्लंडमधले हृदयविकाराचे मृत्यू ४७ टक्क्यांनी उतरले. कॅथलीन बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्याचा हिशेब केला. २००० साली ३,७६३ मृत्यू टळले होते. त्यांपैकी ४३.६ टक्के श्रेय उपचारांना, ४८.१ टक्के लोकांच्या बदललेल्या सवयींना आणि घटलेल्या धोका-घटकांना. धूम्रपान, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब कमी झाल्याचा फायदा मोठा होता, पण त्याच वेळी लठ्ठपणा, मधुमेह आणि बैठं आयुष्य वाढल्यानं १३.८ टक्के फायदा उलटा फिरला. एका हातानं मिळवलेलं दुसऱ्या हातानं जात होतं. त्या पंधरा वर्षांनंतर, २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडनं कामाच्या सर्व ठिकाणी धूम्रपानावर बंदी घातली. असा कायदा देशभर लागू करणारा तो जगातला पहिला देश.

आहार व्यक्तीनुसार ठरवण्याचे प्रयोगही डब्लिनमधून झाले. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या माइक गिब्नी यांनी चालवलेल्या 'फूडफॉरमी' अभ्यासात सात देशांतले १,६०७ लोक होते. व्यक्तीला धरून दिलेला सल्ला सरसकट सल्ल्यापेक्षा जास्त पाळला गेला. पण त्यात जनुकांची माहिती घातल्यानं आणखी फायदा झाला नाही. जाळ्यातला एकच धागा हाती घेऊन भागत नाही, हे पुन्हा दिसलं.

गॉलवेतले हार्वी आणि हार्वेटा

देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉरिब नदी अटलांटिकला मिळते तिथे गॉलवे विद्यापीठ आहे. तिथल्या प्राध्यापक इनेस टील यांच्या गटानं सगळे धागे एका ठिकाणी आणण्याचा प्रयत्न केला आहे. २०२० मध्ये त्यांनी दोन 'आभासी माणसं' प्रसिद्ध केली. पुरुषाचं नाव हार्वी आणि स्त्रीचं हार्वेटा. प्रत्येकात २६ अवयव, सहा प्रकारच्या रक्तपेशी आणि ८० हजारांहून जास्त रासायनिक अभिक्रिया आहेत. आतडं अन्न शोषतं, यकृत ते बदलतं, मूत्रपिंड टाकाऊ ते बाहेर टाकतं आणि रक्त सगळ्यांना जोडतं.

हे कसं चालतं? प्रत्येक अभिक्रियेचा वेग कुणालाच नेमका माहीत नाही. म्हणून मर्यादा घातल्या जातात. जेवढं आत आलं तेवढंच वापरलं किंवा बाहेर गेलं पाहिजे. हृदय मिनिटाला जेवढं रक्त फिरवतं त्याच्या पलीकडे पोषण पोचू शकत नाही. मूत्रपिंडातून जेवढं गाळलं जातं त्याचीही सीमा आहे. या मर्यादांत बसणारे वेगच संगणक शोधतो. मग एक एन्झाइम बंद करायचं आणि पाहायचं की रक्तात, लघवीत काय वाढतं. अनेक आनुवंशिक चयापचय-विकारांत प्रत्यक्ष रुग्णांत दिसणाऱ्या खुणा या प्रारूपांनी बरोबर सांगितल्या.

आतड्यातले जंतूही या जाळ्यात आहेत. मांस आणि अंड्यांतल्या काही घटकांपासून जंतू असा पदार्थ बनवतात की जो पुढे यकृतात बदलून रक्तवाहिन्यांना बाधतो, हे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या स्टॅन्ली हेझन यांनी २०११ मध्ये दाखवलं होतं. कॉर्कच्या विद्यापीठातल्या पॉल ओटूल यांच्या गटानं २०१२ मध्ये १७८ वृद्धांचा अभ्यास करून दाखवलं की दीर्घकाळ संस्थेत राहणाऱ्यांचा आहार एकसुरी होतो, तसे जंतूही एकसुरी होतात आणि त्याबरोबर अशक्तपणा वाढतो. २०२३ मध्ये टील यांच्या गटानं ७,३०२ जंतू-प्रकारांच्या चयापचयाचे नकाशे प्रसिद्ध केले. ते हार्वी-हार्वेटाला जोडता येतात.

२०२४ मध्ये हा प्रवास पुन्हा बाळाच्या टाचेपाशी आला. हायडलबर्गच्या संशोधकांबरोबर टील यांच्या गटानं नवजात बाळांची ३६० प्रारूपं प्रसिद्ध केली. मुलगा आणि मुलगी वेगळे, आणि जन्मापासून १८० दिवसांपर्यंत एकेका दिवसाचं एकेक प्रारूप. बाळाचं वजन, त्याला मिळणारं दूध आणि अंग गरम ठेवायला लागणारी ऊर्जा हे सगळं त्यात धरलेलं आहे. आईच्या दुधावरच्या त्या तीन आयरिश बाळांसारखी उदाहरणं समजून घ्यायला अशीच साधनं लागतात. गॉलवेमधलेच रोनन फ्लेमिंग युरोपीय संघाच्या अर्थसाह्यानं चाललेल्या 'रेकॉनफॉरआयएमडी' या प्रकल्पाचं नेतृत्व करतात. आनुवंशिक चयापचय-विकारांचं निदान लवकर व्हावं, हा त्याचा हेतू आहे.

या प्रारूपांना मर्यादा आहेत. ती शरीराची स्थिर अवस्था मांडतात, झटक्याच्या क्षणी मिनिटामिनिटाला होणारे बदल नाही. हृदयाचा ताल, रक्तवाहिनीच्या भिंतीची सूज, ताणतणाव, झोप हे अजून पुरेसं त्यात बसलेलं नाही. आणि प्रारूप जेवढ्या माणसांच्या मोजमापांवर बेतलेलं तेवढंच ते खरं. त्यात गॉलवे, लक्झेंबर्ग, हायडलबर्ग असेल आणि शिरूर, माणगाव, चंद्रपूर नसेल, तर मराठी शरीराविषयी ते गप्पच राहील.

म्हणूनच या गोष्टीत महाराष्ट्राचं काम ठरलेलं आहे. भारतात नवजात बाळांची अशी तपासणी देशभर सक्तीची नाही. ती झाली पाहिजे. आपल्या घरी बाळ येणार असेल तर जन्मल्यावर टाचेच्या थेंबाची तपासणी कुठे होते, याची चौकशी आधीच करून ठेवा. गरोदर सुनेला किंवा लेकीला फॉलिक आम्लाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा, पण डॉक्टरांना विचारून तिचं बी-१२ ही तपासून घ्या. आणि पुण्याजवळच्या त्या गावांसारखा एखादा दीर्घ अभ्यास आपल्या गावात आला, तर त्यात नाव नोंदवा.